तक्रारकरांच्या मागची जागा

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं आणि सगळे एकाच प्याल्यातून पितात. हातावर भाकरीचा तुकडा मिळतो, तो खायचा, दोन पावलं पुढे सरकायचं. पाळकसाहेब द्राक्षारसाचा प्याला ओठांशी धरतात, एक घोट घ्यायचा. मग ते पांढऱ्या कापडाने काठ पुसतात, प्याला जरासा फिरवतात आणि पुढच्या माणसासमोर धरतात. रांगेत कुणी कुणामागे उभं राहायचं याचा काही नियम नाही. पण सर्दी झालेल्याच्या मागे अचानक कुणीच नसतं. बायका वाकून मुलांचे बुटाचे बंद बांधू लागतात, पुरुषांना खिशातला चष्मा सापडत नाही, आणि तेवढ्यात दोन माणसं मध्ये शिरलेली असतात.

तक्रारकरांच्या मागे मात्र कायम खुर्चीवाली मावशी असायची. तिच्याविषयीच मला लिहायचं आहे.

मावशी आमच्याच इमारतीत, अगदी खाली, जिन्यालगतच्या खोलीत वेताच्या खुर्च्या विणते. पुढच्या भागात काम, पडद्यामागे खाट, शेगडी आणि मोरी. दाराशी पाण्याची घमेली, त्यांत वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या. कोरडा वेत वाकवला की मोडतो, भिजला की म्हणाल तिकडे वळतो. चौकटीच्या भोकांतून पट्टी उभी ओवायची, मग आडवी, मग तिरकी. ताण सुटू नये म्हणून प्रत्येक भोकात तात्पुरती लाकडी खुंटी ठोकायची. मावशीचे हात एखाद्या हमालाचे असावेत तसे, आणि जीभ सुरीसारखी. "लोक खुर्चीसाठी एकमेकांचे गळे धरतात," ती म्हणायची, "आणि माझ्याकडे येतात त्या सगळ्या भोकं पडलेल्या."

नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. माझी मुलगी शाळेतून सुटली की मी ऑफिसातून येईपर्यंत मावशीकडे असते. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हाताने मावशीला खुंट्या द्यायच्या. मावशी तिला खुंटीच म्हणते. "माझी खुंटी आली का? आली नाही तर माझं सगळं विणकाम ढिलं." मुलीला तिच्या हातचा भात आवडतो, माझ्या हातचा नाही. आधी मला याचं वाईट वाटायचं. नंतर बरं वाटू लागलं, कारण माझ्या मुलीला मूत्रपिंडाचा आजार आहे. तो परत परत उलटतो, चेहरा सुजतो, मग गोळ्या सुरू होतात आणि गोळ्यांनी चेहरा आणखी फुगतो. अशा मुलीला आपलं म्हणणारं कुणी मिळणं सोपं नसतं.

तक्रारकर हे अर्थातच त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते सगळ्यात वरच्या मजल्यावर एकटे राहतात. नगरपालिकेत कारकून होते आणि निवृत्त झाल्यावर आयुष्यभर ज्या टेबलावर तक्रारी घेतल्या त्याच टेबलावर तक्रारी पाठवू लागले. चर्चची घंटा फार वेळ वाजते. पाळकसाहेबांचा कुत्रा रात्री भुंकतो. आमची स्कूटर जिन्याखाली आहे. मावशीच्या खुर्च्या वाटेत आहेत. ही शेवटची तक्रार लागू पडली. एका सकाळी नगरपालिकेची गाडी आली आणि मावशीच्या दारातल्या सगळ्या खुर्च्या, लोकांच्या खुर्च्या, भरून घेऊन गेली. सोडवून आणल्या तेव्हा निम्म्यांचे पाय निखळलेले होते. तिने त्या कुणाला काही न बोलता दुरुस्त करून दिल्या. वर मात्र जिन्यातून ओरडली, "भाऊसाहेब, तुमच्या घरची खुर्ची तेवढी राहिली हो! तीही पाठवा!"

मलाही त्यांनी सोडलं नव्हतं. मुलगी पहिल्यांदा इस्पितळातून घरी आली त्या आठवड्यात ते जिन्यात भेटले. तिच्याकडे बघून म्हणाले, "काय खाऊ घालता हिला? नुसती फुगली आहे. जिना तुटेल."  मुलगी घरी जाऊन आरशासमोर उभी राहिली आणि पुढे बरेच दिवस तिने शाळेच्या फोटोत यायला नकार दिला. माझ्या मनात ते वाक्य काट्यासारखं मोडून राहिलं.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हात सावरला, पण तोंड एका बाजूला गेलं ते गेलंच. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळते, खांद्यावर रुमाल असतो. इस्पितळातून परतल्यावर पहिल्याच प्रभुभोजनाला त्यांनी घोट घेतला आणि काठापासून ओठापर्यंत लाळेचा धागा लांबला. पाळकसाहेबांनी पुसलं, नीट पुसलं. पण मागच्या बाईने प्याला कपाळाला लावल्यासारखं केलं आणि बाजूला झाली. पुढच्या महिन्यात ते मधे उभे होते तर मागची सगळी रांग विरघळून त्यांच्या पुढे गेली. ते शेवटचे झाले. आमच्याकडे पाळक सर्वांच्या आधी घेतात आणि उरलेला द्राक्षारस मागे झाडाच्या मुळाशी ओततात. म्हणजे शेवटच्या माणसानंतर त्या प्याल्याला कुणीच तोंड लावत नाही. ते न कळण्याइतके तक्रारकर मूर्ख नव्हते.

मंडळीच्या सभेत प्रत्येकाला वेगळा छोटा पेला देण्याचा विषय निघाला. स्वच्छता, नवा काळ, इतर चर्चमध्येही असतं, असं बरंच बोलणं झालं. तक्रारकरांचं नाव कुणी काढलं नाही. मावशी मागच्या बाकावर होती. ती म्हणाली, "एवढा खटाटोप एका माणसासाठी? मी राहते उभी त्याच्या मागे. माझं तोंड काय, आधीच घाणेरडं आहे." सगळे हसले आणि विषय मिटला. मीही हसले. ती पाळी माझ्यावर आली नाही, याचंच मला बरं वाटलं होतं.

तेव्हापासून त्या दोघांची ती जागा ठरली. ते शेवटून दुसरे, ती शेवटची. रांग सरकत असायची आणि हळू आवाजात त्यांचं चालू असायचं.

"तुझ्या खुर्च्या अजून वाटेतच आहेत."

"आहेत ना. बसायला या."

"मेल्यावर येईन."

"मग पेटीतून याल, भाऊसाहेब. पेटी मी विणत नाही."

ते फुसकन हसायचे, लाळ गळायची, ती त्यांच्या खांद्यावरचा रुमाल ओढून त्यांच्याच हातात द्यायची. मग प्याला.

एकदा मी तिला विचारलं, "मावशी, राग नाही येत तुम्हाला?"

"येतो की. त्याच्या मानेकडे बघत मनातल्या मनात इतक्या शिव्या घालते, पाळकाला ऐकू गेल्या तर मला चर्चबाहेर काढेल."

"मग?"

"मग काय? प्याला आला की गप्प बसते. प्रभूने त्या शेवटच्या जेवणाच्या रात्री सगळ्या शिष्यांचे पाय धुतले. जो त्यालाच विकणार होता तो शिष्य काय बाहेर उभा होता? तोही होता ना बसलेला पाय पुढे करून? मला कुणाचे पाय धुवायला सांगितले तर मी पळून जाईन, माझे गुडघे वाकत नाहीत. हे आपलं सोपं. एक घोट."

यंदा मुलीचा आजार पुन्हा उलटला. या वेळी ताप आला, इस्पितळात राहावं लागलं. घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले, गोळ्यांमुळे तिची ताकद कमी आहे, संसर्गापासून जपा. तो एक शब्द घेऊन मी घरी आले आणि घरभर त्याला शोधत फिरले. दारांच्या कड्या पुसल्या, नवऱ्याला बाहेर चपला काढायला लावल्या, कामावरून आल्यावर कोपरापर्यंत हात धुऊ लागले. आणि एक दिवस खाली मुलीला आणायला गेले तर मावशी आपल्या ताटातला घास तिच्या तोंडात घालत होती. मला एकदम तो प्याला दिसला, तो धागा दिसला.

मुलीला वर पाठवून मी तिथेच थांबले.

"मावशी, एक बोलायचं होतं."

"बोल की. एवढी घशात अडकल्यासारखी का?"

"येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. तुम्ही त्यांच्या मागे उभ्या राहता, त्यांचं उष्टं... आणि मग ही दिवसभर तुमच्यापाशी. तुमच्या ताटातलं खाते."

तिने पट्टी ओढली, खुंटी ठोकली. "उष्टं नव्हे गं ते," ती म्हणाली. मग म्हणाली, "बरं, ताट वेगळं करते. तोंड धुते. साबणाने धुते, हवं तर."

"तसं नाही. माझी एकच मुलगी आहे, मावशी. तुम्ही तिथे उभ्याच राहू नका. नाहीतर मला तिला दुसरीकडे ठेवावं लागेल."

हे वाक्य मी पायऱ्या उतरताना ठरवलेलं नव्हतं. पण तोंडातून निघालं तेव्हा ते लागणार हे मला माहीत होतं. मावशीने हातातली खुंटी खाली ठेवली. ती माझ्याकडे बघत नव्हती, मुलीच्या रिकाम्या पाटाकडे बघत होती.

"बरं," ती म्हणाली.

त्या रविवारी रांग नेहमीसारखी लागली. मावशी मधेच कुठेतरी, शाळेच्या शिपायाच्या मागे घुसली, मान खाली. तक्रारकर शेवटाकडे सरकले. रांग पुढे जात राहिली. मी माझा घोट घेऊन बाकावर परतले होते, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. ते काहीतरी बोलले, डोकं जरासं मागे वळवून, नेहमीसारखं. उत्तर आलं नाही. मग त्यांनी पूर्ण मागे वळून पाहिलं. मागे नुसती फरशी होती.

पाळकसाहेब प्याला धरून थांबले होते. तक्रारकरांनी पुढे पाहिलं, बाकांकडे पाहिलं, मावशीला शोधलं. ती बसली होती आणि हातांनी चेहरा झाकला होता, प्रार्थना करतात तसा. हातावरचा भाकरीचा तुकडा त्यांनी तोंडात टाकला, काठी वळवली आणि मधल्या वाटेने बाहेर निघून गेले. त्या तोंडाने चघळायला वेळ लागतो. दारापर्यंत ते चघळतच होते.

"मावशी आज पुढे का गेली?" मुलीने विचारलं.

"शू," मी म्हटलं.

त्यानंतर ते चर्चला आले नाहीत. नगरपालिकेतूनही कुणी आलं नाही. जिन्यात लोक म्हणू लागले, "काय शांतता आहे! साहेबांनी तक्रारींना सुट्टी दिली वाटतं." मावशी हसत नसे. मुलीशी बोलायची, खुंटी म्हणायची, ताट वेगळं वाढायची, पण विणलेल्या बैठका उसवून पुन्हा विणायला लागली होती. वेत एकदा दाबला गेला की त्याच्यावर घडी राहते, तो पुन्हा वापरता येत नाही. कोपऱ्यात मोडक्या पट्ट्यांचा ढीग झाला.

मुलीच्या तपासणीला गेलो तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं. आधी विचारायला हवं होतं, ते तेव्हा विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मुलगी पिते का त्या प्याल्यातून?"

"नाही, लहान आहे अजून."

"मावशींना खोकला, ताप?"

"नाही."

"मग? हात धुवा म्हणावं, ताट वेगळं ठेवा. आणि मुलगी तिथे आनंदात असेल तर राहू दे तिथेच. घाबरून घाबरून तुम्ही तिचं अर्धं बालपण खाल."

बाहेर येऊन मी इस्पितळाच्या बाकावर बसले. डॉक्टरांचा नंबर माझ्याकडे होता. खाली मावशीकडे जाण्यापूर्वी मी फोन करू शकले असते. केला नाही, कारण ते हेच म्हणाले असते. मला जंतूंची भीती होती, खोटं नाही. पण त्या भीतीच्या आड उभं राहून मला त्या माणसाला शेवटचा करायचा होता. जिना तुटेल म्हणाला होता ना. माझ्या मुलीचा आजार मी काठीसारखा वापरला आणि तो मावशीच्या हातात दिला, की मार तू.

त्याच संध्याकाळी मी मावशीला हे सांगायला गेले. तिने शेवटपर्यंत ऐकलं नाही.

"मी गेले होते वर, त्याच्याकडे," ती म्हणाली.

"काय म्हणाले?"

"दार उघडलं, साखळी तशीच. म्हणतो, खुर्ची खपवायला आलीस? म्हटलं, माफी मागायला आले, मागे उभी नव्हते. म्हणतो, उभी राहू नको असं कुणी सांगितलं तुला? म्हटलं, कुणी कशाला सांगेल, माझंच मन फिरलं. तर म्हणतो, खोटं बोलतेस. तुझं मन फिरायचं असतं तर गाडीने खुर्च्या नेल्या तेव्हाच फिरलं असतं."

"मग?"

"मग दार लावलं." तिने पदराने नाक पुसलं. "माणसाला माहीत असतं गं आपण कुणाला नको आहोत ते. त्याला मी हवी होते असं नाही. पण मी नको म्हणत नव्हते, एवढं एक होतं त्याच्याकडे. ते मी काढून घेतलं. आणि का, तर मला खुंटी हवी होती. मोठी आले मी पाय धुणारी."

"चूक माझी आहे, मावशी."

"तुझी आहेच," ती म्हणाली. "पण माझीही मला पुरेशी आहे. आता ऐक. मी पाळकाशी बोलले. पुढच्या रविवारी दुपारी तो प्याला घेऊन वर जाणार आहे. मी जाणार. खुंटीला कुठे ठेवायचं ते तुझं तू ठरव."

"इथेच ठेवणार," मी म्हटलं. "आणि मीपण येते."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "बघ हं," एवढंच म्हणाली.

तक्रारकरांची खोली मला वाटली होती त्यापेक्षा स्वच्छ होती. एक खाट, एक टेबल, भिंतीला टेकवलेली एक खुर्ची. बाकी काही नाही. त्यांनी पाळकसाहेबांना आत घेतलं, मावशीला पाहून "आली पुन्हा" म्हणाले आणि मला पाहून गप्प झाले. प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी त्यांना भाकर दिली, प्याला दिला. काठ पुसला. मावशीने घोट घेतला आणि मोठ्याने "आमेन" म्हटलं, जणू कुणाशी भांडत होती. काठ पुसला. प्याला माझ्यासमोर आला.

मी ओठ मिटून घेतले आणि प्याला कलता केला. द्राक्षारस ओठांना लागला आणि परत गेला. पाळकसाहेबांना कळलं नाही.

"प्यायल्या नाहीत त्या," तक्रारकर म्हणाले.

 मी मावशीकडे पाहिलं तर ती खिडकीबाहेर बघत होती. तिने मला वाचवलं नाही.

"नाही प्यायले," मी म्हटलं.

"मग कशाला चढून आलात एवढं?"

"लाज वाटली म्हणून."

"कसली?"

मग मी बोलले. मावशीला मीच अडवलं होतं, हे सांगितलं. आणि राहवलं नाही म्हणून तेही सांगितलं, "माझ्या मुलीला तुम्ही म्हणाला होतात, फुगली आहे, जिना तुटेल."

"म्हणालो असेन. फुगलेलीच होती."

"आजारी आहे ती. मूत्रपिंडं. त्या गोळ्यांनी चेहरा तसा होतो."

 लाळ आली, त्यांनी रुमालाने टिपली.

"मला कोण सांगणार?" ते म्हणाले.

एकाच जिन्यात आम्ही राहतो. मुलीच्या आजाराबद्दल दूधवाल्याला माहीत होतं, शिपायाला माहीत होतं, पाळकसाहेब दर रविवारी नाव घेऊन तिच्यासाठी प्रार्थना मागत. तक्रारकर मागच्या कोपऱ्यात बसतात, त्यांना नावं नीट ऐकू येत नाहीत, आणि ती कुणाची नावं हे त्यांना सांगणारं शेजारी कुणी बसत नाही. कुणी त्यांच्याशी बोलतच नाही तर त्यांना कसं कळावं? मला वाटलं होतं, तो माणूस आजारी मुलीला हसला.

"पाळकसाहेब," मी म्हटलं, "पुन्हा मिळेल का?"

ते गोंधळले. "तसं दोनदा देत नाहीत..."

"पहिल्यांदा घेतलंच कुठे हिने?" मावशी खिडकीबाहेर बघतच म्हणाली.

मी घोट घेतला. गिळला. तक्रारकर माझ्या गळ्याकडे बघत होते, गेला की नाही ते पाहायला. गेला. त्यांनी मान हलवली. ती माफी नव्हती. हिशेबनीस एखादी ओळ बरोबर म्हणून खूण करतो तेवढंच ते होतं. "तिला काय खायला चालतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मीठ नको, बाकी सगळं. "हं," ते म्हणाले.

घरी आल्यावर मुलीने दारातच मिठी मारायला हात पसरले. "थांब," मी म्हटलं आणि मोरीत जाऊन चूळ भरली. पुन्हा पुन्हा भरली. खाली मावशीने नुसते हात धुतले असतील, आणि तिच्या पाठीला टेकून मुलगी उद्या पुस्तक वाचेल. आरशात स्वतःकडे बघवेना, तरी मी चूळ भरतच राहिले.

आता काही महिने झाले, तक्रारकर पुन्हा चर्चला येतात. पाळकसाहेबांना त्यांनी परवाच सांगितलं की काठ पुसायचं कापड पिवळं पडलं आहे, कुणी लक्ष देत नाही. रांगेत मावशी त्यांच्या मागे असते, दोघांची कुजबुज चालू असते. मी मावशीच्या मागे उभी राहते. थेट त्यांच्या मागे अजून नाही. मावशीला ते कळतं. ती काही म्हणत नाही, फक्त रांग सरकली की कधी कधी मागे वळून बघते, मी आहे ना ते.